देवळालीचे कापरेकर मास्तर

मी सुरतेजवळच्या बमरोलीत राहतो. उधना, पांडेसरा, बमरोली ह्या पट्ट्यात यंत्रमागांच्या निमित्ताने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. इथून मुंबईची गाडी धरली की वाटेत डहाणू लागते. ज्यांचे नाव गणिताच्या जगात एका संख्येला कायमचे चिकटले, ते कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्माने ह्याच डहाणूचे. गोंधळात शिस्त असते काय, आणि असलीच तर ती माणसाला उमजते काय, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांना पडलेला आहे. ह्या शाळामास्तरांनी तो साध्या आकड्यांना विचारला. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 चा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद असल्याने आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. शाळा ठाण्यास झाली, पुढचे शिक्षण पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात. 1927 मध्ये स्वतंत्र गणिती कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, 1929 मध्ये ते पदवीधर झाले, आणि 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी देवळालीस शाळेत शिकवले. वरची पदवी नाही, विद्यापीठातील जागा नाही. सोबतीला कागद, पेन्सिल आणि अमाप चिकाटी.

1946 मध्ये त्यांना जे सापडले, ते त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. कृती अगदी सोपी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. शून्य आले तर तेही अंक म्हणून धरावे. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. मास्तरांचे जन्मवर्षच घेऊ : 9510 मधून 0159 वजा केले की 9351 येतात. पुढे 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या पायरीस 6174. तेथे गाडी थांबते, कारण 7641 मधून 1467 वजा केले तरी पुन्हा 6174 च उरतात. आरंभीचे अंक कितीही वेडेवाकडे असोत, सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

ह्या शोधास आपल्याकडील पुष्कळ गणितज्ञ हसले. हा पोरखेळ आहे, ह्यातून मोठा सिद्धान्त निघत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. माझ्या मते आक्षेपात थोडे तथ्य आहे. दोन अंक घेतले तर 9, 81, 63, 27, 45 असे चक्र फिरत राहते. पाच अंक घेतले तरी एका जागी मुक्काम होत नाही, काही ठरावीक फेऱ्याच चालू राहतात. म्हणजे शिस्त आहे, पण ती सर्वत्र एकसारखी नाही. ती कोठवर आहे हे बसून तपासावेच लागते, आणि हे तपासण्याचे काम मास्तरांनी जन्मभर केले.

ह्याच्या नेमकी उलट बाजू अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ ह्यांना 1961 मध्ये दिसली. गणकयंत्रावर हवामानाचे गणित पुन्हा चालवताना त्यांनी 0.506127 ऐवजी 0.506 एवढेच घातले, आणि पुढचे सारे हवामान निराळे निघाले. कापरेकरांच्या गणितात दूरदूरचे आरंभ एका ठिकाणी येतात; लॉरेन्झ ह्यांच्या गणितात शेजारचे आरंभ कायमचे दुरावतात. नियम दोन्हीकडे पक्के आहेत, दैवाचा भाग कोठेच नाही. पण पहिल्या ठिकाणी शेवट आधी सांगता येतो, दुसऱ्या ठिकाणी थोड्याच अंतरापर्यंत.

आम्हा सुरतकरांना हा भेद चांगला कळतो. 2006 च्या ऑगस्टात तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आता गंमत पाहा : 6200 मधून 0026 वजा केले की एका पायरीत 6174! एखादा भविष्यवेत्ता ह्यावर दुकान थाटील. पण ही शिस्त अंकांची आहे, नदीची नव्हे. नदीसाठी पाऊस मोजावा लागतो, धरणाची पातळी पाहावी लागते, आणि तरीही अंदाज काही दिवसांपुरताच चालतो. आकड्यांत शिस्त सापडली म्हणून ती वाटेल तेथे चिकटवणे ह्याला समजणे म्हणत नाहीत.

मास्तरांना कीर्ती उशिरा मिळाली. 1966 मध्ये पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. 1975 च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. तेथेच 1986 मध्ये ते निवर्तले.

वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन आज ही वजाबाकी करून पाहावी. आणि ती जमली की, पाच अंकांची का जमत नाही, हेही घटकाभर बसून पाहावे. मास्तरांच्या शाळेचा खरा धडा तोच होता.