महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारा बंगालचा आमदार

२९ जानेवारीला जोगेंद्रनाथ मंडल यांची जयंती असते. बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले आणि त्यात मंडल यांचा मोठा वाटा होता, एवढे आपल्या चळवळीतल्या बहुतेक तरुणांना ठाऊक असते. पण त्यापुढचे फारसे कोणी सांगत नाही. कारण त्यापुढची कथा गैरसोयीची आहे. पाकिस्तानचा पहिला कायदामंत्री झालेला हा माणूस तीन वर्षांत राजीनामा देऊन भारतात परतला आणि नंतर कधीच निवडून आला नाही. म्हणून काहींनी त्यांना देशद्रोही ठरवले, तर काहींनी फक्त संविधान सभेपुरते आठवणीत ठेवले. त्यांचा राजकीय प्रवास मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून घेण्यासारखा आहे.

मंडल यांचा जन्म १९०४ साली पूर्व बंगालमधील बाकरगंज म्हणजेच बरिसाल जिल्ह्यातील मैस्तारकांदी या गावी नमःशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. नमःशूद्र समाजाला पूर्वी सरकारी कागदोपत्री चांडाळ म्हटले जाई. ते नाव पुसून टाकण्यासाठी समाजाने दीर्घ लढा दिला आणि १९११ च्या जनगणनेत नमःशूद्र हे नाव मिळवले. हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने या समाजात शाळा काढल्या, शिक्षणाची ओढ निर्माण केली. त्या जागृतीतून पुढे आलेल्या पिढीचे मंडल हे प्रतिनिधी होते. बरिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून ते पदवीधर झाले, कलकत्त्याला कायदा शिकले आणि वकिली करू लागले.

पहिली निवडणूक

पुणे करारानंतर बंगालच्या २५० सदस्यांच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव झाल्या. १९३७ साली त्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. मंडल यांनी राखीव जागा न मागता बाकरगंज उत्तर-पूर्व या सर्वसाधारण मतदारसंघातून अपक्ष अर्ज भरला. समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त होते. हे बरिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. ज्या ब्रजमोहन कॉलेजात मंडल शिकले, ते अश्विनीकुमारांनीच स्थापन केलेले. अशा घराण्याविरुद्ध, पैसा आणि पक्ष दोन्ही हाताशी नसलेला नमःशूद्र वकील निवडून आला. सवर्ण उमेदवाराला सर्वसाधारण जागेवर हरवता येते, हे त्या काळात दाखवणे लहान गोष्ट नव्हती.

विधानसभेत गेल्यावर मंडल यांनी अनुसूचित जातींच्या आमदारांचा स्वतंत्र गट बांधण्याचा प्रयत्न केला. शिक्षण, नोकऱ्या, कर्जबाजारी कुळे हे त्यांचे विषय होते. याच काळात ते शरदचंद्र आणि सुभाषचंद्र बोस या बंधूंच्या जवळ आले आणि १९४० मध्ये कलकत्ता महापालिकेवरही निवडून गेले. पण बोस बंधू काँग्रेसमधून बाजूला पडले आणि बंगाल काँग्रेसमध्ये आपल्या माणसांना स्थान नाही, ही त्यांची खात्री झाली.

१९४२ साली नागपूरला शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी मंडल यांनी बंगालमध्ये फेडरेशनची शाखा उभी केली. १९४३ मध्येच मुस्लिम लीगच्या नझिमुद्दीन सरकारला त्यांच्या गटाने पाठिंबा दिला. त्या बदल्यात अनुसूचित जातींचे तीन मंत्री झाले. मंडल यांच्याकडे सहकार आणि ग्रामीण कर्जाचे खाते आले. लीगशी मैत्री करण्यामागे त्यांचा हिशेब साधा होता. पूर्व बंगालमध्ये नमःशूद्र आणि मुसलमान हे दोघेही बहुतांशी कुळे आणि शेतमजूर, तर जमीनदार आणि सावकार मुख्यतः सवर्ण हिंदू. दोघांचे पोट एकाच चिखलात होते. मात्र त्याच वर्षी बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. मरणाऱ्यांत याच दोन समाजांची गरीब माणसे सर्वाधिक होती. ज्या सरकारच्या काळात हे घडले, त्याचा डाग मंत्र्यांनाही लागला.

१९४६ : एकच जागा, पण मोलाची

१९४६ ची निवडणूक फेडरेशनसाठी देशभर कठीण गेली. पुणे करारानुसार राखीव जागेवर आधी केवळ अनुसूचित जातींचे मतदार प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडत आणि अंतिम निवड संयुक्त मतदारसंघात होई. तिथे सवर्णांची मते ज्याला मिळत, तोच जिंकत असे. देशातील १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनला फक्त दोन मिळाल्या. मुंबई प्रांतात एकही नाही. बंगालमध्ये जी एक जागा आली, ती जोगेंद्रनाथ मंडल यांची.

इथे एक चूक दुरुस्त करायला हवी. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले, असे आपल्या अनेक पोस्टमध्ये लिहिलेले असते. संविधान सभेला असे मतदारसंघच नव्हते. प्रांतिक विधानसभेचे सदस्य पसंतीक्रमाच्या मतांनी प्रतिनिधी निवडत होते. मुंबईत फेडरेशनचा आमदार नसल्याने बाबासाहेबांना तिथून मार्ग नव्हता. बंगालमध्ये मोजकी पहिल्या पसंतीची मते पुरेशी होती, पण फेडरेशनकडे स्वतःचे मत एकच. उरलेली मते मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर अनुसूचित जातीच्या आमदारांना भेटून जमवली. काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेल्या काहींनीही पक्षाचा आदेश बाजूला ठेवला. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर गेले. फाळणीनंतर ती जागा गेली आणि त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. तोवर त्यांचे काम सभेला पटले होते. पहिले दार मात्र बंगालने उघडले होते.

कराची आणि परतीचा प्रवास

ऑक्टोबर १९४६ मध्ये मुस्लिम लीगने हंगामी सरकारसाठी आपली पाच नावे दिली. त्यातले एक मंडल यांचे होते. त्यांना कायदा खाते मिळाले. त्याआधी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भीषण दंगल झाली होती आणि तेव्हा मंडल सुऱ्हावर्दी सरकारमध्ये मंत्री होते. त्यांनी राजीनामा द्यावा, अशी मागणी स्वतःच्या समाजातूनही झाली. त्यांनी दिला नाही. बंगालच्या फाळणीला त्यांचा विरोध होता, कारण नमःशूद्रांचे जिल्हे पूर्वेकडे जाणार आणि समाज दुभंगणार, हे त्यांना दिसत होते. पण अनुसूचित जातींचे बहुसंख्य आमदार तेव्हा काँग्रेसबरोबर होते. फाळणी झाली. बरिसाल, फरीदपूर, खुलना पाकिस्तानात गेले आणि मंडल आपल्या माणसांसोबत तिकडे राहिले.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली, तेव्हा तात्पुरते अध्यक्ष मंडल होते. मग ते कायदा आणि कामगार मंत्री झाले. त्या वर्षी दोन्ही देशांचे कायदामंत्री शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे नेते होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही.

जिना १९४८ मध्ये वारले. मंडल यांना दिलेल्या आश्वासनांना मग कोणी विचारेनासे झाले. १९५० च्या सुरुवातीला पूर्व बंगालमध्ये दंगली उसळल्या. खुलना, बरिसालमधील नमःशूद्र गावे जळाली, माणसे मारली गेली. मंत्री असूनही मंडल यांच्या तक्रारींची दखल घेतली गेली नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये कलकत्त्याहून त्यांनी पंतप्रधान लियाकत अली यांना सविस्तर राजीनामापत्र पाठवले. कुठे काय घडले, कोणी काय आश्वासन दिले आणि कसे मोडले, याची नोंद त्यात आहे. आपला अंदाज चुकला हे त्यांनी लपवले नाही.

भारतात आल्यावर कोणत्याही पक्षाने त्यांना जवळ केले नाही. ते निर्वासितांच्या छावण्यांत गेले. नमःशूद्र निर्वासितांना बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध आंदोलनात उतरले. पुढे रिपब्लिकन पक्षाशी जोडले गेले. त्यांनी पुन्हा पुन्हा निवडणुका लढवल्या आणि प्रत्येक वेळी हरले. ज्यांनी त्यांना १९३७ साली निवडून दिले होते, ते मतदार आता सीमेपलीकडे होते किंवा देशभरातल्या छावण्यांत विखुरले होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय उरते?

त्या निर्वासितांची काही गावे आपल्या महाराष्ट्रात आहेत. गडचिरोलीतील चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वसाहती आहेत. तिथले नमःशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत मात्र ती जात नाही. ज्या समाजाच्या आमदाराने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्याच समाजाची मुले इथे त्या संविधानातील सवलतींना मुकतात. त्यांच्या मागणीमागे उभे राहणे हे आपले ऋण फेडण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट युतीच्या राजकारणाची. मंडल यांनी संख्याबळ कमी असताना एका मताची किंमत ओळखली, म्हणून इतिहास घडला. पुढे मित्रपक्षाच्या शब्दावर विसंबले आणि समाजाला संरक्षण देणारी स्वतःची ताकद हाती उरली नाही, तेव्हा मंत्रिपदही कामी आले नाही. युती करताना आपली संघटना किती मजबूत आहे, हा प्रश्न आजही आधी विचारायला हवा.

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांना विनम्र अभिवादन. जय भीम!