दानपेटीतले चार थालर आणि हालेचे अनाथालय

जर्मनीतील हाले शहराच्या तटबंदीबाहेर ग्लाउखा नावाची एक बकाल वस्ती होती. १६८२च्या सुमारास आलेल्या प्लेगने तिथली कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी केली. जी उरली, त्यांतील अनेकांची गुजराण दारू गाळण्यावर आणि विकण्यावर चाले. १६९२च्या जानेवारीत या वस्तीतील चर्चचा कारभार २८ वर्षांच्या एका विद्वान धर्मोपदेशकाकडे आला. त्याचे नाव आउगुस्ट हेर्मान फ्रांके.

ही नेमणूक तशी नाइलाजाचीच होती. १६६३ मध्ये ल्युबेक येथे जन्मलेल्या फ्रांके यांचे वडील कायदेपंडित होते. ते गेले तेव्हा मुलगा अवघा सात वर्षांचा होता. पुढे हिब्रू आणि ग्रीक भाषांत त्याने प्रावीण्य मिळवले. १६८७ साली ल्युनेबुर्गमध्ये श्रद्धा या विषयावर प्रवचन तयार करताना ती श्रद्धा आपल्याच ठायी नाही, या जाणिवेने त्यांना घेरले. काही दिवसांच्या घालमेलीनंतर ते सावरले ते वेगळे होऊनच. ल्युथरप्रणीत चर्चमध्ये शास्त्रार्थापेक्षा आचरणाला महत्त्व देणारी पायटिस्ट चळवळ तेव्हा जोर धरत होती. तिचे प्रणेते फिलिप याकोब श्पेनर यांचे फ्रांके अनुयायी झाले. परिणामी लायप्झिगच्या विद्यापीठात त्यांच्यावर बंदी आली आणि एर्फुर्टमधून तर हद्दपारीच झाली. अखेर ब्रांडेनबुर्गच्या राज्यात आसरा मिळाला. चर्चबरोबरच हालेच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापकीही लाभली.

दर गुरुवारी फ्रांके यांच्या दाराशी भिकाऱ्यांची रांग लागे. भाकरी वाटता वाटता ते मुलांना धर्मातील साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर कोणालाच येत नसे. मुलांच्या हाती त्यांनी शाळेच्या फीचे पैसे देऊन पाहिले. पैसे गेले, मुले शाळेत गेली नाहीत. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास त्यांच्या घरातील दानपेटीत कोणीतरी ४ थालर १६ ग्रोशेन टाकले. त्यातून त्यांनी पुस्तके घेतली, एका गरजू विद्यार्थ्याला दररोज दोन तास शिकवण्यासाठी नेमले आणि घरातच शाळा भरवली. २७ मुलांना पुस्तके वाटली. त्यांतली चार परत आली. बाकीची घेऊन मुले पसार झाली. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. फ्रांके यांनी पुन्हा पुस्तके आणली, मात्र ती घरी न्यायला मनाई केली.

एवढ्याने भागत नाही, हेही लवकरच ध्यानात आले. शाळेत तासभर जे कमवावे ते रस्त्यावर उरलेल्या दिवसात गमवावे, असा प्रकार होता. तेव्हा मुलांना राहायला जागा हवी. एका देणगीच्या व्याजावर एकच अनाथ पोसता येईल असा हिशेब असताना चार मुले समोर आली आणि त्यांनी चारही ठेवून घेतली. १६९८च्या जुलैत अनाथालयाच्या भव्य इमारतीची कोनशिला बसली. सूर्याकडे झेपावणारे दोन गरुड आजही तिच्या दर्शनी भागावर दिसतात.

हा सारा खर्च ईश्वर वेळेवर भागवतो, असे फ्रांके यांचे सांगणे असे. ऐन निकडीच्या दिवशी पोहोचलेल्या देणग्यांच्या हकिकती त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या आणि त्या वाचून आणखी देणग्या आल्या. मात्र त्यांची व्यवहारदृष्टीही श्रद्धेइतकीच पक्की होती. राजाकडून त्यांनी करसवलती आणि औषधालय, छापखाना चालवण्याचे परवाने मिळवले. हालेची औषधे दूरदेशी जाऊ लागली. १७१० मध्ये सरदार फॉन कानस्टाइन यांच्या साह्याने बायबल छपाईची संस्था निघाली. जुळवलेले टाइप न मोडता तसेच राखून ठेवायचे आणि त्यावर पुन:पुन्हा छपाई करायची, या युक्तीमुळे नवा करार अवघ्या दोन ग्रोशेनला मिळू लागला. केवळ दानावर हा पसारा फार काळ तगला असता, असे वाटत नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे. मुलांचा दिवस प्रार्थना, अभ्यास आणि काम यांनी गच्च भरलेला असे. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे फ्रांके मानीत. रिकामा वेळ बागकामात किंवा विणकामात जाई. भुकेपासून सुटका झालेल्या पोरांना बालपण मात्र मिळाले नाही. मतभेदही त्यांना फारसे सोसत नसत. चिनी नीतिविचाराची प्रशंसा करणारे तत्त्वज्ञ क्रिस्टियान वोल्फ यांना १७२३ साली ४८ तासांत प्रशियातून बाहेर पडावे लागले. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या हालेच्या धर्मपंडितांत फ्रांकेही होते. धर्मपीठांच्या रोषामुळे स्वत: दोनदा परागंदा झालेल्या माणसाने हे करावे, ही गोष्ट खटकते.

हालेचा भारताशीही संबंध आला. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झिगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ हे हालेत शिकलेले दोघे धर्मप्रचारक १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीला उतरले. त्यांच्यासाठी फ्रांके यांनी हालेत तमिळ अक्षरांचे टाइप घडवून धाडले. परंतु दक्षिणेतील देवदेवतांवर झिगेनबाल्ग यांनी आस्थेने लिहिलेला ग्रंथ छापणे त्यांना पटले नाही. तो १८६७ मध्ये उजेडात आला.

८ जून १७२७ रोजी फ्रांके यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या शाळांत सुमारे २,२०० मुले-मुली शिकत होती. १७५० साली हालेतूनच आलेले श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचे पालक-शिक्षक झाले. सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही. पण तंजावरच्या चर्चमध्ये गुरूचे संगमरवरी स्मारक आवर्जून उभारले. १८३५ मध्ये फ्रांके यांचे चरित्र वाचून जॉर्ज मुलर यांना इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथालय काढण्याची प्रेरणा मिळाली. या मुलर यांच्या चरित्राचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायकांना रमाबाईंनी केडगावला आसरा दिला, तेव्हा तिथेही शाळेच्या जोडीला शेती, विणकाम आणि छापखाना होता.

हालेच्या संस्थेची स्वायत्तता १९४६ साली संपुष्टात आली. पूर्व जर्मनीच्या काळात इमारतींची पडझड झाली. एकीकरणानंतर संस्था पुन्हा स्वतंत्र झाली आणि डागडुजी सुरू झाली. तिथे आता शाळा भरतात आणि अभिलेखागारात तमिळ ताडपत्रे जपून ठेवलेली आहेत.