भरावाचा हिशेब मागणारा वकील

चर्चगेटहून समुद्राकडे जाणारा वीर नरीमन रस्ता मुंबईकरांच्या पायाखालचा. पण हे ‘वीर’ कोण, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येणार नाही. खुर्शेद फ्रामजी नरीमन (१८८३-१९४८) हे मुंबईतले पारशी वकील. त्यांचे नाव गाजले ते मात्र दगड, गाळ आणि भिंतीच्या एका सरकारी कामावरून.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची मोठी टंचाई होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅक बेमधून ११४५ एकर जमीन काढण्याची योजना सुरू झाली. बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा, नळांतून इकडे आणायचा आणि समुद्रभिंतीने अडवायचा, अशी ही रीत. प्रत्यक्षात ड्रेजरचे काम अंदाजाइतके होईना, आणि भिंतीच्या दगडांतून गाळ पुन्हा समुद्रात! खर्च मात्र फुगतच गेला.

स्वराज्य पक्षातर्फे कायदे कौन्सिलात गेलेल्या नरीमन यांनी या कारभाराचा पाठपुरावा केला. ते अभियंते नव्हते. पण बांधकामातही अंदाज कोणी केला आणि जबाबदारी कोणाची, हे प्रश्न शेवटी वकिलाचेच असतात. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या समितीने चौकशी केली. आठ भागांपैकी मधले तीन ते सहा हे भाग सोडून देण्यात आले.

खात्यावर मोघम टीका करणे सोपे. नरीमन यांनी माणसांवर बोट ठेवले. तेव्हा विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. अशा खटल्यात आपले म्हणणे खरे आणि लोकहिताचे होते, किंवा निदान सद्भावनेने केलेले होते, हे आरोपीलाच दाखवावे लागते. म्हणजे आता वकीलच आरोपीच्या जागी उभा! शिक्षा झाली असती तर वकिली आणि सार्वजनिक जीवन, दोन्ही धोक्यात आले असते. पण १९२८ मध्ये ते निर्दोष सुटले, आणि मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले.

पुढे १९३५ मध्ये ते महापौर झाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यपद मात्र बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले. त्यावरून नरीमन यांनी वल्लभभाई पटेलांवर ठपका ठेवला, चौकशी झाली आणि निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ती जखम खोल होती. १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.

सोडून दिलेल्या भागांपैकी तिसऱ्या भागात स्वातंत्र्यानंतर भराव पडला, उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या जागेचे नाव नरीमन पॉइंट.