फादर स्टीफन्स यांचा रविवारचा तास

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-40



रथात बसून यशयाचं पुस्तक वाचणारा तो इथिओपियाचा अधिकारी आज पुन्हा भेटला. अक्षरं कळताहेत, अर्थ लागत नाही. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि आधी एवढंच विचारतो की वाचतोयस ते समजतंय का. कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसं समजणार, हे तो माणूस न लाजता कबूल करतो. शिक्षकांसाठी बायबलमध्ये हा एकच उतारा असता तरी भागलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पण खरं सांगते, यंदा जूनपासून माझं मन उडालं होतं. मी शेगावात एका इंग्रजी माध्यमाच्या कॅथोलिक शाळेत मराठी शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी गजानन महाराजांचा फोटो आहे, गुरुवारी मंदिर ठरलेलं. ते छानच आहे. दुखणं वेगळंच होतं. मराठी म्हणजे मार्कांपुरता विषय. पालकसभेला गणिताच्या बाईंसमोर रांग, माझ्यासमोर रिकामी खुर्ची. मी इथे ख्रिस्ती शिक्षिका म्हणून नेमकं काय करतेय, हा प्रश्न रोज घरी घेऊन यायचे. राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये लिहूनही ठेवला होता.

त्यातच दिवाळीच्या सुट्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांच्याबद्दल वाचायला घेतलं. मराठीचं कौतुक करणारा परदेशी पाद्री म्हणून नाव तुम्हालाही माहीत असेल. माझीही माहिती तेवढीच होती.

जन्म 1549 चा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तेव्हा तिथे कॅथोलिक असणं धोक्याचं होतं. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन जेझुइट व्हायचं ठरलं होतं, पण निघण्याआधीच पाउंडला अटक झाली आणि त्याची पुढची जवळजवळ तीस वर्षं तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच गेले. 1575 मध्ये संघात दाखल झाले, 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून जहाजात बसले आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरले. वय तीस. पुढची चाळीस वर्षं ते गोव्यातच राहिले, बहुतेक काळ साष्टीत.

आता इथे एक गोष्ट लपवून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. त्या साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती. लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी होती. 1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, ते स्टीफन्स यांचे सहकारी. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. हा सगळा राग, ही सगळी भीती स्टीफन्स यांच्या दारातच होती. त्यांची सत्ता कोणती आणि ते कोणाच्या बाजूचे, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. अशा ठिकाणी कोणी मनापासून आपलं ऐकेल, अशी आशा तरी कशी धरायची? माझी रिकामी खुर्ची त्यापुढे काहीच नाही.

त्यांनी लोकांची भाषा शिकायला घेतली. बोलायला कोंकणी, आणि पुराणांची, कीर्तनाची मराठी. नुसती कामापुरती नाही. ज्ञानेश्वरीची ओवी कशी चालते, तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा, हे कानात बसेपर्यंत. साष्टीच्या कॉलेजचे ते रेक्टरही होते, म्हणजे कामाची कमी नव्हती.

आणि मग तो रविवारचा तास. हे त्यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. साष्टीतल्या एका देवळात (गोव्यात चर्चलाही देऊळच म्हणत) रविवारी दुपारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालला होता. ऐकत उभ्या असलेल्या एका मोठ्या माणसाने पाद्रींना विचारलं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? मी इथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले. हा प्रश्न जितका साधा, तितकाच टोचणारा. शिकवणाऱ्याने रागावून त्याला गप्पही करता आलं असतं. स्टीफन्स यांनी त्याच प्रश्नाला उत्तर म्हणून आख्खं पुराण लिहिलं. जुन्या करारापासून ख्रिस्तापर्यंत, 95 अवस्वर, जवळजवळ 11,000 ओव्या. स्वर्गाला शब्द हवा होता, त्यांनी वैकुंठ घेतला.

1608 मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तकं छापायची कितीतरी वर्षांची इच्छा कळवली. अडचण खिळ्यांची होती. रोमन अक्षरं 24, इथे जोडाक्षरं धरून साचे 600 च्या घरात. ते जमलं नाही. 1616 मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत. तेव्हा ते 67 वर्षांचे होते, गोव्यात येऊन 37 वर्षं झाली होती. 1619 मध्ये ते वारले. मुलांना शिकवायचं त्यांचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक 1622 मध्ये आलं, कोंकणीचं व्याकरण 1640 मध्ये. दोन्ही छापलेली त्यांनी पाहिली नाहीत.

सुट्टीनंतर सातवीला येशूजन्माच्या थोड्या ओव्या देवनागरीतून वाचून दाखवल्या. शब्द अडले, पण मागच्या बाकावरची एक मुलगी बोटांनी ताल धरून बसली होती. म्हणाली, मिस, हे तर माझी आजी वाचते त्या पोथीसारखंच आहे. तिची आजी म्हणजे दासगणूंच्या ‘गजानन विजय’चे 21 अध्याय पारायणाला घेणारी. चाल तीच, ओवीची. मी फळ्यावर चार चरण मांडून यमक दाखवलं. लिहिणारा इंग्रज होता हे ऐकल्यावर वर्गात गलका. त्याला जमलं तर आपल्यालाही जमेल का, असं तिनेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी वहीत एक ओवी घेऊन आली. विषय, शेगाव स्टेशनवरची कचोरी!

मसुदा अजून मोबाइलमध्ये आहे. डिलीट केलेला नाही, आणि उघडलेलाही नाही. कचोरीच्या ओवीत तिसऱ्या चरणाचं यमक घसरलंय. उद्या दुसऱ्या तासाला दोघी बसून ते बघणार आहोत.