रविवार मिळाला, शाळा राहिली : नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव बहुतेकांच्या कानावर आलेले असते ते एका वाक्यापुरते : गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा पुढारी. वाक्य खरे आहे. तथापि त्याच गिरण्यांत सात-आठ वर्षांची मुलेही राबत होती, आणि लोखंडे यांच्या हयातीतच त्यांच्यासाठी एक सोडून दोन कायदे झाले. त्या कायद्यांनी मुलांच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न लोखंडे यांच्या चरित्रात सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर गावचे, जात फुलमाळी. घरची परिस्थिती बेताची. इंग्रजी शिक्षण जेमतेम पदरात पडल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली, व पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याला वळण लावणारी जागा ही होय. स्टोअरकीपर हा साच्यावर उभा राहणारा मजूर नव्हे आणि मालकही नव्हे. माल किती आला, किती गेला, याची नोंद ठेवणारा तो कारकून. भोंगा कधी होतो, माणसे कधी आत येतात आणि दिवे लागल्यावर कशी बाहेर पडतात, पगार किती महिने तुंबतो, हे सर्व त्याला बसल्या जागी दिसते.

याच काळात जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध जडला. समाजाची स्थापना पुण्यास १८७३ साली झाली होती. समाजाच्या विचारांचे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढले, पण पैशाअभावी ते चालेना. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि पुढे नोकरी सोडून पूर्ण वेळ त्यालाच वाहिला. घरची बेताची परिस्थिती असता बांधलेला पगार सोडून तोट्यातले वर्तमानपत्र हाती घेणे हा व्यवहाराच्या दृष्टीने शुद्ध आतबट्ट्याचा सौदा होता. परंतु गिरणीतल्या माणसांची हकीकत मराठीतून नेमाने छापणारे पत्र त्यामुळे मुंबईला मिळाले.

त्या वेळच्या गिरणीत मुले काय करीत? सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बाबिणी काढावयाच्या, रिकाम्या चढवावयाच्या, तुटलेला धागा जोडावयाचा. लहान बोटे आणि चपळ पाय यांना तिथे मागणी होती. मजुरी अर्थातच मोठ्या माणसाहून कमी. १८८१ पर्यंत या मुलांच्या वयाला अथवा तासांना कायद्याची कसलीच मर्यादा नव्हती.

त्या साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यामागे मुंबईचे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या गृहस्थांचा कळवळा होता, त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदाही तयार केला होता. पण त्याहून मोठा जोर लँकेशायरच्या गिरणी मालकांचा होता. मुंबईच्या स्वस्त सुताने त्यांची झोप उडाली होती. त्यामुळे राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. विलायतेच्या हेतूबद्दलचा त्यांचा संशय चुकीचा नव्हता. मात्र हेतू खोटा म्हणून सात वर्षांच्या पोराचे श्रम खोटे ठरत नाहीत, ही गोष्ट त्या वादात बाजूला पडली.

कायदा म्हणावा तर तोकडा होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू. सात वर्षांखालील मुलास कामावर घ्यावयाचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवावयाचे नाही, मध्ये एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल त्यात तासांचे वा सुट्टीचे काहीच बंधन नव्हते. येथे एक विचित्र प्रकार झाला. कायद्याने मुलाला सुट्टी दिली, पण त्याच साच्यावर उभ्या असलेल्या त्याच्या बापाला दिली नाही. साचा चालू आहे तोवर बाबिणी बदलणारे पोर लागणारच. अशा स्थितीत मुलाच्या चार सुट्ट्या कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती राहिल्या असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. शिवाय जन्माची नोंदच नसलेल्या मुलाचे वय ठरवावयाचे कसे? डॉक्टरने तोंडाकडे पाहून अंदाज करावयाचा आणि दाखला द्यावयाचा.

कायदा कसा चालतो हे पाहण्यासाठी लँकेशायरचे एक अनुभवी तपासनीस मीड किंग यांना १८८२ साली मुंबईस आणण्यात आले. त्यांनी कायद्याचा अपुरेपणा दाखवून दिला आणि त्यातूनच १८८४ साली मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. एखाद्या उपायाचा परिणाम काय झाला याची पाहणी करावी आणि तिच्या आधारे उपाय दुरुस्त करावा, ही आजच्या योजनांच्या संदर्भात नेहमी सांगितली जाणारी रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

कमिशनपुढे कामगारांतर्फे कोणी बोलावे? लोखंडे पुढे झाले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली, आणि तेथे ठरलेल्या मागण्यांचा अर्ज साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी कमिशनकडे पाठवला. मुंबई मिल हँड्स असोसिएशन या संघटनेचा आरंभ इथला. मागण्या पाच होत्या : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पगार व जन्माचा अधू झाल्यास तरतूद.

या पाचांत मुलांबद्दल एकही शब्द नाही. लोखंडे यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही ही नोंद करणे भाग आहे. कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. ज्यांच्या सह्या घ्यावयाच्या त्यांतील कित्येकांचीच मुले गिरणीत जात असतील. आई, बाप आणि एखादे पोर मिळून जी मिळकत येई तिच्यात खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि गावी पाठवावयाचे पैसे भागत. मुलाची कमाई काढून घ्या, असे म्हणणाऱ्या अर्जावर त्यांनी सह्या केल्या असत्या काय? पुढाऱ्याला आपल्या माणसांच्या पुढे चालावे लागते हे खरे, पण फार पुढे गेल्यास मागे कोणी उरत नाही. लोखंडे यांनी जे मिळण्याजोगे होते ते मागितले.

आश्चर्य याचे वाटते, की दुसरी वाट त्यांच्या घरातच म्हणावी इतकी जवळ होती. दोनच वर्षांपूर्वी, १८८२ साली, हंटर शिक्षण कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. फॅक्टरी कायदा म्हणतो, सात ते बारा वयाच्या मुलाने नऊ तास गिरणीत काढण्यास हरकत नाही. जोतीराव म्हणतात, त्या मुलाची जागा शाळेत आहे. वय तेच, मूल तेच. परंतु शाळेची मागणी शिक्षण कमिशनकडे गेली आणि तासांची मागणी फॅक्टरी कमिशनकडे. सरकारने दोहोंची गाठ घातली नाही, आणि चळवळीनेही ती घातलेली दिसत नाही.

सुट्टीचा लढा मात्र लोखंडे यांनी सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १८९० साली दहा हजारांच्या जमावापुढे कामकरी बाईने उभे राहून बोलणे म्हणजे काय, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या फॅक्टरी कमिशनला मुंबईच्या कामात लोखंडे यांनी साह्य केले, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती नोंदली गेली. मुलांचे किमान वय सातावरून नऊ झाले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सात झाले. पन्नास माणसांच्या कारखान्यांनाही कायदा लागू झाला.

कागदावर पाहता ही मोठीच प्रगती होय. पण सात तासांनंतर मूल गिरणीच्या फाटकाबाहेर पडल्यावर जाणार कोठे? त्याला घेऊन जाणारी शाळा कायद्याने बांधली नव्हती. परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनला अर्धवेळ म्हणून नोंदलेली मुले अनेक ठिकाणी पूर्ण वेळ राबताना आढळली. एकच मूल एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करते, हा प्रकार इतका बोकाळला की १९२६ साली तशी मुभा देणाऱ्या आईबापांना दंड करण्याची तरतूद करावी लागली. प्रत्येक गिरणीचा हजेरीपट वेगवेगळा तपासला तर दोन्हीकडे कायदा पाळलेला दिसे. मुलाचा दिवस कोणी तपासत नव्हते.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रथम वर्षातच शिकवतात, की दोन वर्षांचे आकडे ताडून पाहावयाचे तर दोन्हीकडे हिशेबाची पद्धत एकच हवी. हा साधा नियम मोठमोठ्या ठिकाणी पाळला जात नाही. २००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची काम करणारी मुले १ कोटी २६ लाख होती आणि २०११ मध्ये ती साडेत्रेचाळीस लाखांवर आली, म्हणजे ६५ टक्के घट झाली, असे सरकारी निवेदनांत सांगण्यात आले. पण पहिल्या आकड्यात वर्षातून थोडेच महिने काम करणारी मुले धरलेली आहेत, दुसऱ्यात ती वगळली आहेत. मागच्या साली ढोबळ नफा धरावा आणि यंदा निव्वळ, तशातला हा प्रकार. दोन्हीकडे सर्व मुले धरली तर २०११ चा आकडा १ कोटी १ लाख येतो आणि घट सुमारे २० टक्के उरते. दोन्हीकडे फक्त मुख्य कामगार धरले तर सुमारे ५८ लाखांवरून साडेत्रेचाळीस लाख, म्हणजे पाव हिस्सा घट. घट झाली हे आनंदाचेच, पण जी झाली तीच सांगावी.

मोजमापाची दुसरी रीत आपल्या सिकंदराबादेतच सापडते. येथील मामिडिपुडी वेंकटरंगय्या फाउंडेशन ही संस्था १९८१ साली स्थापन झाली. ज्यांचे नाव तिला आहे ते प्राध्यापक मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत असत. १९९१ पासून शांता सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगारेड्डी जिल्ह्यातील खेड्यांत वेठीच्या व शेतावरच्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यांची व्याख्या सरळ होती : जे मूल शाळेत नाही ते बालमजूर, मग ते कारखान्यात असो, शेतावर असो वा घरी धाकटे भावंड सांभाळीत असो. म्हणून त्यांनी कारखान्यातून किती मुले काढली एवढेच मोजले नाही. गावातील प्रत्येक मूल शाळेत आहे की नाही, हे पाहिले. मोठ्या मुलांना एकदम पहिलीत बसवणे बरे नव्हे, म्हणून काही महिन्यांची शिबिरे घेऊन त्यांना त्यांच्या वयाच्या इयत्तेला आणून सोडले. १८८२ चे आणि १८८४ चे दोन कागद इथे एकत्र आले, असे मला वाटते.

लोखंडे यांची इतर कामे थोडक्यात सांगतो. विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली निर्धार केला, त्यामागे लोखंडे होते. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर केले. त्यांची संघटना मात्र आजच्या अर्थाने युनियन नव्हतीच. १८९२ च्या एका सरकारी अहवालात तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, आणि लोखंडे हे विनावेतन सल्लागार म्हणून काम पाहतात, असा शेरा आहे. लिहिणाऱ्याने तो कमीपणा म्हणून लिहिला असावा. एका स्टोअरकीपरने दुसऱ्यांच्या मालाची नोंद ठेवली आणि आपल्या संघटनेची वही मात्र घातली नाही, हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला. गिरण्यांतली माणसे गावाकडे पळू लागली. लोखंडे पळाले नाहीत, रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई फुले याही प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. बारा वर्षांखालील मुलास कारखान्यात घेण्याची बंदी १९२२ साली आली. जोतीरावांनी मागितलेले वय तेच होते, आणि लोखंडे यांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.