खडूने लिहिलेला एक शब्द : आर्थर स्टेस

शहरातले फुटपाथसुद्धा बोलतात बरं का! आर्थर स्टेस यांचा जन्म १८८५ साली सिडनीत झाला. आई-वडील दारूच्या आहारी गेलेले. शाळा जेमतेम, स्वतःचं नावही धड लिहिता येत नसे. पुढे तेही दारूत बुडाले, १९३० मध्ये सावरले. १९३२ मध्ये एका प्रवचनातला ‘इटर्निटी’ म्हणजे ‘अनंतकाळ’ हा शब्द मनात रुतला. खिशात खडू होता. त्यांनी तो शब्द फुटपाथवर लिहिला, चक्क वळणदार अक्षरात! मग सुमारे ३५ वर्षं पहाटे उठून तेच लिहिलं. पावसाने पुसलं की पुन्हा लिहीत. १९६७ मध्ये ते वारले. २००० सालच्या पहिल्या रात्री हार्बर ब्रिजवर तोच शब्द दिव्यांनी उजळला. अक्षर वाईट म्हणून वही लपवता ना? आज एकच शब्द रोज लिहायला घ्या.