लूथराच्या घरातील धर्मशिक्षण

उपवासकाळाचे चाळीस दिवस आले म्हणजे खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून एक प्रश्न हटकून निघतो. वडील माणसे उपास करतात, प्रार्थनेस बसतात, प्रभूच्या दुःखसहनाचे अध्याय वाचतात. परंतु लहान मुलांनी या दिवसांत काय करावे? त्यांची भाकरी कमी करावी, की त्यांस न समजणाऱ्या लांबलचक प्रार्थना पाठ करावयास लावाव्या? या प्रश्नाचा विचार करताना मार्टिन लूथर याचे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते. बादशहाच्या सभेपुढे तो कसा निर्भयपणे उभा राहिला हे पुष्कळांनी ऐकले आहे. पण आपल्या घरी मुलाबाळांस घेऊन तो कसा बसे हे थोड्यांसच ठाऊक असते. तीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लूथर १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइस्लेबेन गावी जन्मला. त्याचा बाप हान्स हा शेतकरी कुळातला. तांब्याच्या खाणींच्या धंद्यात कष्ट करून तो वर आला होता. आईबाप देवभीरू, पण शिस्तीचे फार कडक. कठीण कवचीच्या एका लहानशा फळासाठी आईने आपणांस रक्त निघेपर्यंत मारले, आणि शाळेत एकाच सकाळी पंधरा वेळा छड्या खाव्या लागल्या, अशी आठवण तो मोठेपणी सांगत असे. पुढे परगावी शिकत असता भाकरीसाठी त्याने इतर मुलांबरोबर दारोदार गाणी म्हटली. त्या काळी ख्रिस्ताची जी ओळख त्यास झाली ती कठोर न्यायाधीशाची. त्याचे नाव कानी पडताच मुलाच्या अंगावर काटा उभा राही.

हेच भय त्यास मठात घेऊन गेले. जुलै १५०५ मध्ये वाटेत मोठे वादळ होऊन जवळच वीज पडली, तेव्हा जीव वाचल्यास संन्यासी होईन असा नवस त्याने केला व तो पाळला. मठात त्याने इतके उपास व इतकी जागरणे केली की शरीर खंगले, पण मनास शांती मिळाली नाही. पुढे विटेनबर्ग येथे पवित्र शास्त्र शिकवीत असता त्यास उमगले की, देवाची कृपा तपाने विकत मिळत नाही. ती ख्रिस्ताकरिता फुकट मिळते व विश्वासाने घ्यावयाची असते. ज्या १५१७ सालच्या ऑक्टोबरात त्याच्या पंचाण्णव कलमांनी युरोप हालवून सोडला, त्याच सालच्या उपवासकाळात तो विटेनबर्गच्या साध्या लोकांस प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक भाग समजावून सांगत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सुधारणेची खळबळ मागून आली. प्रार्थनेचा धडा आधी झाला.

पाच वर्षांनी उपवासकाळातच त्यास दुसरा धडा द्यावा लागला. तो वार्टबुर्ग किल्ल्यात लपून नव्या कराराचे भाषांतर करीत असता विटेनबर्गात काही उतावळ्या लोकांनी मूर्ती फोडल्या, आणि उपासाच्या दिवशी मांस खाणे हीच विश्वासाची खूण ठरवली. लूथर परत आला आणि ९ मार्च १५२२, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारापासून, लागोपाठ आठ दिवस त्याने उपदेश केला. त्याचा आशय असा की, विश्वास कोणावर लादता येत नाही. वचन सांगावे, दुर्बळाची वाट पाहावी आणि प्रीती सोडू नये. गाव शांत झाले. पुढे १५२६ साली त्याने जर्मन भाषेत उपासनेची रीत छापली. तीत उपवासकाळ व दुःखसहनाचा आठवडा कायम ठेवला, परंतु उपासाची सक्ती कोणावर केली नाही.

याच पुस्तकात मुलांसाठी एक सोपी युक्ती आहे. मुलांनी मनात दोन बटवे बाळगावे, एक विश्वासाचा व एक प्रीतीचा. प्रत्येक बटव्यास दोन कप्पे. विश्वासाच्या एका कप्प्यात आपण सर्व पापी आहो हे सांगणारी वचने, व दुसऱ्यात ख्रिस्ताने आपणांस सोडवले हे सांगणारी. प्रीतीच्या एका कप्प्यात सर्वांचे भले करावे असे शिकवणारी, व दुसऱ्यात दुसऱ्याने केलेले वाईट सोसावे असे शिकवणारी. मुलांनी उपदेशातून एखादे वचन घरी आणावे, आणि जेवताना आईबापांनी विचारावे की ते कोणत्या कप्प्यात टाकले. ज्याच्या चंचीत एक पैही नाही असे गरिबाचे पोरही या रीतीने श्रीमंत होते.

१५२८ साली लूथर सॅक्सनीतील मंडळ्या पाहावयास निघाला. खेड्यांतील स्थिती पाहून त्याचे अंतःकरण विदीर्ण झाले. लोक बाप्तिस्मा घेतलेले, प्रभुभोजनास येणारे. पण त्यांस ना दहा आज्ञा येत, ना मतांगीकार, ना प्रभूची प्रार्थना. कित्येक पाळकांसही शिकवता येत नव्हते. या दुःखातून १५२९ साली त्याची लहान प्रश्नोत्तरावली जन्मली. तिचे भाग प्रथम भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांवर छापले, मग पुस्तक निघाले. घरधन्याने आपल्या घरच्या माणसांस साधेपणाने शिकवावे यासाठी ती होती. पाळकांस त्याने बजावले की, एकच पाठ निवडून त्याचे शब्द वारंवार बदलू नयेत, नाही तर मुले गोंधळतात. आधी शब्द, मग अर्थ. सकाळ-संध्याकाळच्या व जेवणाच्या लहान प्रार्थनाही त्याने तीत घातल्या. सकाळची प्रार्थना झाल्यावर आनंदाने कामास लागावे, रात्रीची झाल्यावर निश्चिंत झोपावे, असे त्याचे सांगणे होते.

मोठ्या प्रश्नोत्तरावलीत त्याने लिहिले की, मुलांस देवाचे भय व मान हे खेळता खेळता, बालभावाने शिकवावे. केवळ छडीने शिकवलेले छडी दूर होताच विसरते. जे मूल पाठ म्हणणार नाही त्यास खावयास देऊ नये, असेही तेथे आहे. ते त्या काळाचे कडकपण होय, आणि ते उचलण्याजोगे आम्हांस वाटत नाही. पण आपण स्वतः विद्वान असूनही रोज सकाळी लेकराप्रमाणे हेच पाठ म्हणतो, असे तो कबूल करतो. आपण जे करतो तेच त्याने मुलांस करावयास सांगितले.

१५२५ साली त्याने कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. त्यांस सहा मुले झाली. १५३० साली ऑग्सबुर्गची सभा भरली असता लूथरास कोबुर्गच्या किल्ल्यात राहावे लागले. तेथेच जून महिन्यात त्यास बाप वारल्याची बातमी कळली, व तो खोलीत जाऊन रडला. त्याच महिन्यात त्याने चार वर्षांच्या हान्सला पत्र धाडले. त्यात एका सुंदर बागेचे वर्णन आहे. जी मुले प्रार्थना करतात व शिकतात, ती तेथे सफरचंदे वेचतात आणि सोन्याच्या लगामाच्या लहान घोड्यांवर बसतात. ज्यास लहानपणी छडी मिळाली त्याने आपल्या लेकरास बाग दाखवली.

पण प्रार्थना म्हणजे ताईत नव्हे, हेही त्याच्या चरित्रातून दिसते. पेटर नावाच्या त्याच्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा १५३५ साली लूथराने त्याच्यासाठी एक लहान पुस्तक लिहिले. चांगला न्हावी वस्तऱ्यावरून नजर काढीत नाही, तसे प्रार्थनेत मन देवावर असावे; प्रत्येक आज्ञेतून बोध, उपकारस्तुती, पापकबुली आणि विनंती अशी चार पदरी माळ गुंफावी, असे त्यात आहे. त्याच वर्षी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, हाच पेटर जेवणाच्या वेळी रागाच्या भरात जावयास भोसकून बसला, व जावई मेला. लूथराने त्यास टाकले नाही. त्याच्यासाठी रदबदली केली, आणि पेटराचा प्राण वाचून त्यास हद्दपारी मिळाली. चाळीस दिवस संपण्याच्या वेळीही मोह दारात उभा असतो, हे मुलांस व मोठ्यांस दोघांस सांगितले पाहिजे.

१५४२ साली त्याची मुलगी माग्दालेना तेरा वर्षांची होऊन आजारी पडली. बापाने खाटेजवळ गुडघे टेकले. येथील बापाजवळ राहण्यास तिला आवडेल, तरी तेथील बापाकडे जाण्यासही ती तयार आहे काय, असे त्याने विचारले. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असे तिने सांगितले. २० सप्टेंबर रोजी ती त्याच्या हातांवर वारली. आपण व आपली पत्नी रडल्यावाचून देवाचे आभार मानू शकत नाही, असे त्याने मित्रास कळवले. जेवताना व निजताना शिकलेला धडा त्या रात्री त्या मुलीच्या उपयोगी पडला. बापास मात्र तो अश्रूंतून पुन्हा गिरवावा लागला.

लूथर निर्दोष नव्हता. १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध व १५४३ साली यहूद्यांविरुद्ध त्याने जे लिहिले ते प्रीतीच्या बटव्यात बसणारे नाही, आणि यहूद्यांविषयीच्या त्या लिखाणास त्याच्या नावाच्या मंडळ्यांनीही पुढे धिक्कारले. तो १८ फेब्रुवारी १५४६ रोजी जन्मगावीच वारला. त्याची लहान प्रश्नोत्तरावली मात्र पुढे हिंदुस्थानातही आली. १७०६ साली तरंगमबाडीस उतरलेल्या झीगेनबाल्ग या मिशनऱ्याने ती तमिळ भाषेत आणली.

प्रिय बंधुभगिनींनो, या उपवासकाळात मुलाची भाकरी कमी करण्याची गरज नाही. दिवे लागणीला, चुलीजवळ, कामावरून आल्यावर थोडा वेळ काढा. प्रभूच्या प्रार्थनेचा एकच भाग घ्या, तो आधी स्वतः म्हणा, मग मुलाकडून म्हणवून घ्या, आणि त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत विचारा. ज्या आईबापांस वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वचन वाचून घ्यावे; तेवढ्याने कोणाची मानहानी होत नाही. चाळीस दिवसांत किती पाठ झाले हे मोजू नका. पुनरुत्थानाच्या सकाळी तुमचे मूल देवास भिऊन नव्हे, तर बाप समजून हाक मारू लागले असेल, तर तुमचा उपवासकाळ सार्थकी लागला असे समजा.